आधी शेपटी, मग स्टिक

गेल्या जूनमध्ये, आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्यावर, देवगडजवळच्या आमच्या पॅकिंग शेडमध्ये विमान पुन्हा आत आलं. दरवर्षी असंच होतं. मार्च ते मे शेड हापूसची, उरलेलं वर्ष पुतण्याची. दोन आसनी, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, किटमधून जोडायचं विमान. पुतण्या गेली चार वर्षं ते जोडतोय, आणि मी मुंबईच्या एका हँगरमध्ये हयात घालवून निवृत्त झालेला तंत्रज्ञ असल्यामुळे दोष काढायचं काम माझ्याकडे आहे.

त्या दिवशी तो सीटवर बसून ओरडला, "काका, स्टिक बरोब्बर उभी बांधली, एलिव्हेटरपण सरळ आहे. पण मागे ओढली की पोटाला लागते आणि एलिव्हेटर चोवीस अंशांवर थांबतो. आता पोट कमी करू की स्टिक कापू?"

हवे होते अठ्ठावीस अंश. प्रश्न विनोदी वाटतो खरा, पण घरी विमान बांधणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी इथे येऊन अडकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एलिव्हेटर म्हणजे इथे लिफ्ट नव्हे. विमानाच्या शेपटीला एक आडवा छोटा पंख असतो, तो हलत नाही, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर वर-खाली हलणारी जी फळी असते ती एलिव्हेटर. होडीचं सुकाणू आडवं झोपवलं तर जे होईल ते. सुकाणू होडीचा मागचा भाग ढकलतं आणि त्यामुळे नाळ, म्हणजे पुढचं टोक, वळते. तसंच हे. एलिव्हेटरची मागची कड वर गेली की हवा शेपटीला खाली दाबते आणि विमानाचं नाक वर उठतं. कड खाली गेली की शेपटी वर, नाक खाली. वैमानिकाच्या दोन पायांमध्ये जो दांडा उभा असतो ती स्टिक. ती मागे, स्वतःकडे ओढली की एलिव्हेटरची कड वर गेली पाहिजे. हे उलटं झालं तर पुढचं काही वाचायची गरज नाही, त्या विमानाने जमीन सोडायचीच नाही.

स्टिकपासून एलिव्हेटरपर्यंत हालचाल पोचवायची कशी? काही विमानांत पोलादी केबल आणि पुली असतात, आमच्या विमानात अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्या आहेत, त्यांना पुशरॉड म्हणतात. स्टिक जमिनीलगत एका खिळीवर झुलते. खिळीच्या 8 सेंटिमीटर वर पहिला पुशरॉड जोडलाय. तो मागे जातो, सामानाच्या जागेमागे एका झुलत्या टेकूला लागतो, तिथून दुसरा पुशरॉड शेपटीत जातो आणि एलिव्हेटरच्या खाली लोंबणाऱ्या 6 सेंटिमीटरच्या शिंगाला ढकलतो. शिंग मागे ढकललं गेलं की एलिव्हेटरची कड वर.

हे 8 आणि 6 आकडे महत्त्वाचे. सुपारीच्या अडकित्त्यात मूठ खूप हलते आणि पातं थोडं, म्हणून सुपारी फुटते. इथे थोडं उलटं आहे. पुढे 8 चा हात, मागे 6 चा, म्हणजे स्टिक जितके अंश कलेल त्याच्या सव्वा ते दीडपट एलिव्हेटर फिरेल. गणित केलं तर स्टिक सुमारे 21 अंश मागे कलली की पुशरॉड पावणेतीन सेंटिमीटरहून जरा जास्त सरकतो आणि एलिव्हेटर 28 अंश वर जातो. मागचं शिंग 6 ऐवजी 5 चं केलं असतं तर त्याच हालचालीत एलिव्हेटर 35 अंशांच्या आसपास गेला असता. ऐकायला बरं वाटतं, पण अशी स्टिक हातात फार चंचल होते, बोटभर हलवली की विमान उसळतं. त्यामुळे शिंगाची लांबी, भोकांच्या जागा ह्या गोष्टी नकाशात आहेत तशाच ठेवायच्या. "जरा इकडे भोक पाडतो" ही सवय इथे नको.

आता मूळ अडचणीकडे. एलिव्हेटर वर जितका जातो तितका खाली जात नाही, आणि जायला नकोच असतो. सेसना 172 हे जगभर प्रशिक्षणाला वापरलं जाणारं विमान घ्या, त्याचा एलिव्हेटर वर 28 अंश आणि खाली 23 अंश जातो. वर जास्त लागण्याचं कारण उतरताना कळतं. पंख हवा खाली फेकतात, ती हवा शेपटीवर वरून येते आणि शेपटीला खाली दाबायला मदत करते. विमान धावपट्टीच्या अगदी जवळ आलं की जमीन ह्या हवेला खाली जाऊ देत नाही, ती मदत कमी होते आणि नाक खाली पडू लागतं. त्यातच इंजिन आणि दोन माणसं पुढे, मागे सामान नाही, म्हणजे वजनाचा मध्य पुढे, वेग सगळ्यात कमी. त्या वेळी नाक धरून ठेवायला एलिव्हेटर पुरेसा वर जायला हवा. चोवीस अंशांवर थांबणारा एलिव्हेटर आकाशात दिवसभर काही तक्रार करणार नाही, शेवटच्या तीन फुटांत करेल.

आता वर 28 आणि खाली 23 म्हटलं की स्टिकलाही मागे 21 अंश आणि पुढे 17 अंश लागणार. म्हणजे "स्टिक मध्यावर" आणि "एलिव्हेटर सरळ" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुतण्याने स्टिक ओळंब्याने उभी केली, सुतळीने पॅनेलला बांधली आणि मग मागे मागे जात पुशरॉड जोडले. सुरुवातच चुकीच्या टोकाने. आमच्याकडे एक म्हातारे सुतार येतात, त्यांनी आयुष्यभर मचवे बांधलेत. विमान त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण शेडमध्ये उभं राहून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "सुकाणू आधी बसवून घे रे, दांडो काय मगे खंयय वळवूक येता." मी हँगरमध्ये नवीन पोरांना हेच सांगायला अर्धा तास घ्यायचो.

तर शेपटीपासून सुरुवात. एलिव्हेटरचे दोन भाग असतात, डावा आणि उजवा, आणि प्रत्येकाचं वेगळं शिंग. आधी दोन्ही भाग स्टॅबिलायझरच्या रेषेत आणून लाकडी पट्ट्या आणि क्लॅम्पने घट्ट धरायचे. मग दोन्ही शिंगं मध्ये कशी येतात ते पाहायचं. किटमधून आलेली असली तरी ती हुबेहूब जुळतीलच असं नाही, आमच्या विमानात मिलिमीटरभर फरक होता. अशा वेळी शिंगं जुळवायची नाहीत, एलिव्हेटर जुळवायचे. दोन्ही फळ्या एका रेषेत धरून मगच दोन्ही शिंगांतून एकच भोक आरपार पाडायचं. नाहीतर एक फळी नेहमी जवळजवळ अंशभर वर राहील आणि विमान आयुष्यभर जरासं पिळवटलेलं उडेल.

त्यानंतर मधला टेकू. एलिव्हेटर सरळ असताना टेकू पुशरॉडला काटकोनात असला पाहिजे. आधीच तिरका असेल तर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी हालचाल मिळते, आणि मग माणूस स्टॉप, म्हणजे हालचाल अडवणारा ठोकळा, घासत बसतो, चूक मात्र मध्येच असते. इथेच आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टेकूची खीळ एका टोकाला असेल तर पुढचा पुशरॉड मागे गेला की मागचाही मागे जातो. खीळ मधोमध असेल तर दिशा उलटते. दोन्ही प्रकारचे टेकू विमानांत वापरले जातात, दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच्या जागी दुसरा किंवा उलटा बसला तर स्टिक मागे ओढल्यावर नाक खाली जाईल.

हे सगळं झालं की शेवटी पहिला, स्टिकजवळचा पुशरॉड. ह्याची लांबी ठरवेल की स्टिक कुठे उभी राहणार. आमच्या विमानात पुशरॉड खिळीच्या वर जोडलेला आहे, त्यामुळे तो लांब केला की एलिव्हेटर जागचा हलत नाही, स्टिक पुढे झुकते. मी पुतण्याला म्हटलं, एलिव्हेटर सरळ असताना स्टिक 5 अंश पुढे झुकव.

हिशोब असा. खिळीपासून मुठीपर्यंत स्टिक 45 सेंटिमीटर. ओळंब्यातून 21 अंश मागे गेली तर मूठ 16.1 सेंटिमीटर मागे येते. सुरुवात 5 अंश पुढून केली तर तेवढीच फिरून मूठ उभ्या रेषेच्या फक्त 12.4 सेंटिमीटर मागे येते. पोटासाठी पावणेचार सेंटिमीटर मिळाले. पुढच्या बाजूला तेवढेच गेले, पण तिथे पॅनेलपर्यंत आमच्याकडे वाव होता. सगळ्यांकडे असतोच असं नाही. स्टिक पूर्ण पुढे ढकलून बोटांची पेरं एखाद्या बटणावर घासतात का ते मुठीत हात धरूनच बघायचं, नुसती स्टिक बघून नाही.

पुशरॉडच्या दोन्ही टोकांना रॉड-एंड असतात, म्हणजे आट्यांवर फिरणारं, गोल बेअरिंग असलेलं टोक. आमचा आटा इंचाला 28. म्हणजे एक फेरा म्हणजे 0.9 मिलिमीटर. तेवढ्याने मूठ जेमतेम पाच मिलिमीटर सरकते. पावणेचार सेंटिमीटरसाठी सात-साडेसात फेरे. आणि इथे पुतण्याने जे केलं ते बघून माझ्या पोटात गोळा आला. त्याने सगळे फेरे एकाच टोकाने बाहेर काढले. आत किती आटे धरून आहेत हे बाहेरून दिसत नाही. नळीच्या टोकाला एक बारीक भोक असतं ते ह्यासाठीच. त्यात लॉकिंग वायर घालून बघायची, रॉड-एंडचा आटा भोकाच्या पुढे गेलेला असला तर वायर अडते, नसला तर आरपार जाते. आमची वायर सरळ आत गेली. मग फेरे दोन्ही टोकांना वाटून घेतले, वायर पुन्हा घातली, अडली. चेकनट, म्हणजे रॉड-एंड फिरू न देणारा नट, आवळून त्यावर रंगाची रेघ ओढली, म्हणजे पुढे कधी नट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल. इतक्यानेही भागलं नसतं तर लांब नळी कापून नवी बनवायची, आटे ओढून ताणून नाही.

बोल्टांचंही तेच. जिथे सांधा फिरतो तिथे नुसता नायलॉनचा लॉकनट चालत नाही, खाचांचा नट आणि त्यात स्प्लिट पिन. बेअरिंग फुटून बोल्टावरून निसटू नये म्हणून बाहेरून मोठा वॉशर.

स्टिक कापण्याबद्दल. 45 ची 40 केली तर मूठ पोटापासून दूर जाईल, पण तेवढंच वजन ओढायला हाताला साडेबारा टक्के जास्त जोर लागेल. स्टिक वाकवून पुढे घेता येते, काही बनवणारे तेच करतात. पण जी गोष्ट एका पुशरॉडच्या लांबीने सुटते तिच्यासाठी करवत कशाला काढायची?

आता स्टॉप. एलिव्हेटर किती वर आणि किती खाली जायचं हे शेवटी एखाद्या ठोकळ्याने ठरतं, आणि तो ठोकळा शेपटीत, शिंगाजवळ हवा. पुढे स्टिकला स्टॉप लावून मोकळं व्हायचा मोह होतो, कारण तिथे हात पोचतो. पण स्टिक आणि एलिव्हेटर यांच्या मध्ये नळ्या आहेत, सांधे आहेत, थोडा लवचिकपणा आहे. घाबरलेला माणूस किती जोराने ओढतो? 2017 पर्यंतच्या अमेरिकी नियमांत छोट्या विमानाच्या स्टिकसाठी 167 पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ 76 किलोंचा भार धरत. एवढा भार स्टिकवरच्या स्टॉपवर आला की मागे एलिव्हेटर कुठे असेल त्याचा भरवसा नाही. शिवाय सांधे झिजले, केबल सैल झाली तरी शेपटीतला स्टॉप जागचा हलत नाही.

तो कोनाचा ठोकळा घासताना फाइल हळू चालवायची. डिजिटल कोनमापक आधी स्टॅबिलायझरवर ठेवून शून्य करायचा, मग एलिव्हेटरवर. पुतण्या फोनमधलं अ‍ॅप वापरत होता, फोनच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असल्यामुळे प्रत्येक वेळी वेगळा आकडा येत होता. एका कोनमापकासाठी चार वर्षांच्या विमानाशी असं वागू नये. आणि प्रत्येक स्टॉपशी मोजायचं ते शेपटीत मोजायचं, स्टिकवर नाही. दोन्ही एकदम थांबले पाहिजेत असा हट्ट नको, आधी शेपटीतला स्टॉप लागला पाहिजे एवढंच.

ह्या मोजमापाला किती महत्त्व आहे याचं उदाहरण मोठ्या विमानातलं आहे. 8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेत शार्लट इथून उडालेलं एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट 1900 डी विमान काही सेकंदांत कोसळलं, विमानातले 21 जण गेले. दोन दिवसांपूर्वी एलिव्हेटरच्या केबलचा ताण जुळवताना नाक खाली करायची हालचाल जवळजवळ निम्म्यावर आली होती. मधल्या काळात विमान अनेकदा उडालं, तेव्हा काही जाणवलं नाही. त्या दिवशी वजन जास्त आणि मागे होतं, नाक वर उठलं, आणि ते खाली आणायला एलिव्हेटर पुरला नाही. कामानंतर दोन्ही टोकांचे अंश पुन्हा मोजले असते तर हे हँगरमध्येच दिसलं असतं.

केबलची विमानं असलेल्यांसाठी दोन शब्द. पोलाद उन्हात जितकं वाढतं त्याच्या जवळजवळ दुप्पट अ‍ॅल्युमिनियम वाढतं. पहाटे आणि भर दुपारी पत्र्याखाली वीस अंशांचा फरक असेल तर चार मीटरच्या धडात केबल सुमारे 0.9 मिलिमीटर जास्त ताणली जाते. म्हणून ताण जुळवताना तापमान लिहून ठेवायचं. टर्नबकलच्या, म्हणजे केबलचा ताण जुळवायच्या फिरत्या तुकड्याच्या, बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत आणि लॉकिंग वायर विसरायची नाही. बाकी आपल्या किनाऱ्यावर मोठा शत्रू खारा वारा. पावसाळ्यात शेडमध्ये ठेवलेल्या रॉड-एंडवर तिसऱ्या आठवड्यात तांबूस डाग दिसले होते. तेव्हापासून ते प्लास्टिकच्या डब्यात, तेलाच्या फडक्यात, पेंढ्यापासून लांब. पेंढा ओल धरतो, आंब्याला बरा, बेअरिंगला नाही.

एक गैरसमज मात्र पुशरॉडने सुटणारच नाही. समजा विमान उडालं, आणि सरळ वेगात जाताना स्टिक आरामाच्या जागेपेक्षा पुढे राहते. बनवणारा म्हणतो, पुशरॉड दोन फेरे फिरवतो. फिरवला तर स्टिक मागे येईल, पण एलिव्हेटर हवेत जिथे होता तिथेच राहील. हवेला स्टिक माहीत नाही. त्या वेगाला, त्या वजनाला, त्या समतोलाला जो कोन लागतो तोच लागणार. वेग कमी झाला की स्टिक मागे, वाढला की पुढे, वजन मागे गेलं की पुन्हा वेगळं, ती एका जागी थांबायची अपेक्षाच करू नये. पण सरळ वेगातही एलिव्हेटर कायम तीन-चार अंश वाकलेला दिसत असेल तर चूक स्टॅबिलायझर कोणत्या कोनात बसवलाय त्यात, किंवा वजनाच्या मध्यात शोधायची. हाताला भार जाणवत असेल तर ते ट्रिमचं, म्हणजे हातावरचा भार काढून घेणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचं, काम. पुशरॉड फक्त माणसाची सोय करतो.

बोल्टच्या दिशेबद्दल मीच केलेली एक चूक सांगतो, म्हणजे पुतण्यालाच बोल लावतो असं होणार नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका विमानाचा एलिव्हेटर दोन अंश कमी वर जात होता. मी स्टॉप घासला, पुन्हा घासला, आकडा हलेना. तासाभराने शेपटीत टॉर्च घालून झोपलो तेव्हा दिसलं, टेकूचा बोल्ट मी उलटा घातला होता, आणि त्याचं आटे असलेलं टोक फक्त पूर्ण मागे ओढल्यावरच पत्र्याला टेकत होतं. पत्र्यावर नखाएवढा चकचकीत ओरखडा होता. स्टॉप मी विनाकारण खाऊन टाकला होता, तो नवा बनवावा लागला आणि वरिष्ठांकडून जे ऐकावं लागलं ते इथे छापता येणार नाही.

घरी विमान बांधणं म्हणजे नुसती हौस नाही, डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी, तपासणी सगळं आलं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणी मिळायला 2017 साल उजाडलं होतं, हे ज्यांना आठवत असेल त्यांना त्याचा अंदाज असेल. आमचंही अजून जमिनीवरच आहे.

तर शेवटची तपासणी गेल्या ऑगस्टमध्ये, बाहेर मुसळधार पाऊस. पुतण्या सीटवर, पट्टे बांधून, उड्डाणाच्या वेळी असेल तीच गादी खाली, खिशात फोन. मी शेपटीजवळ कोनमापक घेऊन, आणि सौ. दारात छत्री मिटत उभी. पूर्ण मागे, मग मागे आणि डावीकडे, मागे आणि उजवीकडे, पुढेही तसंच चारी कोपरे, कारण मांडी मध्ये येते ती कोपऱ्यातच. मी ओरडून विचारायचो, तो ओरडून सांगायचा, "मागे!" आणि मी एलिव्हेटर बघून म्हणायचो, "वर! अठ्ठावीस!" शेपटीत स्टॉपचा टक् आवाज आला, पुढे मूठ पोटापासून बोटभर अंतरावर थांबली. पुतण्या खूष.

सौ. म्हणाली, "गणपती झाल्यावर परत मोजा. आत्ता त्याने मोदक खाल्लेले नाहीत."